पदच्छेद आणि उदाहरण

मैलापूर ही चेन्नई शहरातील फार जुनी वस्ती होय. कपालीश्वराचे मंदिर, त्याच्या चारी बाजूंच्या माड वीथी, कचेरी रोडवरील वर्दळ आणि लझचा चौक यांमुळे ती सर्वांच्या परिचयाची आहे. मराठी वाचकाला या वस्तीविषयी जवळीक वाटावी असे आणखी एक कारण आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ मध्ये निवर्तले. त्यानंतर थोड्याच वर्षांत मद्रासच्या सार्वजनिक कार्यकर्त्यांनी त्यांच्या स्मरणार्थ लझ येथे एक वाचनालय स्थापिले. ते रानडे लायब्ररी या नावाने ओळखले जाते.

अशा वस्तीतील एखाद्या वाचनालयाची सभासद-नोंदवही संगणकावर चढवावयाची आहे, अशी कल्पना करू. नोंदवही कल्पित आहे. तिच्यातील अडचणी मात्र खऱ्या आहेत. तिच्यातील एका ओळीचे स्वरूप असे असेल:

००१७,"नवा क्र. १२, जुना क्र. ७, दुसरा मजला, मैलापूर, चेन्नई ६००००४",०३/०४/२०२५,"मागणी: ""तमिळ व मराठी"" पुस्तके"

या ओळीत चार रकाने आहेत: सभासदाचा क्रमांक, पत्ता, दाखल झाल्याचा दिनांक आणि शेरा. मनुष्याला हे पाहताक्षणी कळते. संगणकाला मात्र एकापुढे एक मांडलेली अक्षरे, अंक आणि चिन्हे यांपलीकडे त्यात काही दिसत नाही. कोठे एक रकाना संपला आणि दुसरा सुरू झाला, हे त्याला नियमांनी सांगावे लागते. अक्षरांच्या अशा सलग ओळीतून अर्थपूर्ण घटक वेगळे काढण्याच्या क्रियेस संगणकशास्त्रात पार्सिंग म्हणतात. संस्कृत पाठशाळेत श्लोक शिकविताना प्रथम त्याचा पदच्छेद करतात. ही क्रियाही त्याच जातीची असल्यामुळे तिला पदच्छेद म्हणण्यास हरकत नाही.

पदच्छेदाचे काम प्रत्येकाने नव्याने लिहू नये, म्हणून ते एकदाच नीट लिहून इतरांच्या उपयोगासाठी ठेवलेले असते. अशा तयार आज्ञांच्या संग्रहालाही लायब्ररी असेच म्हणतात. पायथन या संगणकीय भाषेत स्वल्पविरामांनी विभागलेल्या माहितीचा पदच्छेद करणारा संग्रह २००३ पासून भाषेबरोबरच मिळतो. असा संग्रह कसा वापरावा हे सांगणारी माहितीपुस्तिका त्याच्यासोबत असते, आणि त्या पुस्तिकेत उदाहरणे असतात. प्रस्तुत लेखाचा विषय ही उदाहरणे हा आहे. ती वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. परंतु संग्रहाचा उपयोग योग्य होणार की अयोग्य, हे पुष्कळ अंशी त्यांच्यावरच अवलंबून असते.

याचे कारण वाचकाच्या सवयीत आहे. पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस विरळा. बहुतेक लोक उदाहरण शोधतात, ते उचलून आपल्या आज्ञावलीत ठेवतात, आणि त्यात दोनचार नावे बदलून कामाला लागतात. नियम आणि सूचना वाचण्याची वेळ काही बिघडल्यावर येते. उचललेली उदाहरणे किती दूर जातात याचे मोजमापही झालेले आहे. प्रश्नोत्तरांच्या एका प्रसिद्ध संकेतस्थळावरील सुरक्षाविषयक आज्ञा-तुकड्यांचा मागोवा घेणारे एक संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात भ्रमणध्वनीवर चालणाऱ्या सुमारे १३ लाख आज्ञावली तपासण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांमध्ये असे उचललेले तुकडे सापडले, आणि या १५ टक्क्यांतील बहुतेक सर्वांत निदान एक तुकडा असुरक्षित होता.

सूचना लिहून ठेवली म्हणजे लेखकाची जबाबदारी संपत नाही, हे दाखविणारे एक उदाहरण पदच्छेदाच्याच क्षेत्रातील आहे. यामल नावाच्या माहिती-लेखनपद्धतीचा पदच्छेद करणारा पाययामल हा पायथनचा संग्रह पुष्कळ वापरला जातो. त्याच्या पुस्तिकेतील आरंभीच्या उदाहरणांत ‘लोड’ ही साधी आज्ञा वापरलेली होती. या आज्ञेत एक धोका होता. परक्याने मुद्दाम रचलेली फाइल तिच्या हाती दिली, तर फाइलीतील मजकूर नुसता वाचला न जाता त्यातून वाचणाऱ्याच्या संगणकावर हवी ती आज्ञा चालविता येत असे. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या माहितीवर ही आज्ञा वापरू नये, अशी ताकीद पुस्तिकेत होती. तिच्याऐवजी वापरावयाची सुरक्षित आज्ञाही दिलेली होती. पण उदाहरण आखूड होते, ते चालत होते, आणि ताकीद उदाहरणाच्या बाहेर होती. लोकांनी उदाहरण घेतले आणि ताकीद तेथेच राहिली. अखेर २०१९ मधील ५.१ या आवृत्तीपासून ही आज्ञा जुन्या रीतीने वापरणाऱ्यास इशारा मिळू लागला, आणि २०२१ मधील ६.० या आवृत्तीत ती रीतच बंद करण्यात आली. जे उदाहरणात असते तेच प्रचारात जाते. म्हणून सुरक्षित आज्ञा पहिल्या उदाहरणात यावी आणि धोक्याची आज्ञा मागाहून, कारणासह, यावी हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

स्वल्पविरामाचा प्रश्न

स्वल्पविरामांनी विभागलेल्या माहितीचे उदाहरण देताना पुष्कळ पुस्तिका पुढील प्रकारची ओळ देतात:

अ,ब,क
१,२,३

या उदाहरणात खोटे असे काही नाही, परंतु ते शिकवीत काहीच नाही. स्वल्पविराम दिसेल तेथे ओळ तोडावी, एवढाच बोध त्यातून होतो. आणि एवढेच करावयाचे तर पदच्छेदाच्या संग्रहाची गरज ती काय? हुशार वाचक हाच प्रश्न विचारील, आणि आपल्या आज्ञावलीत ओळ स्वतःच तोडू लागेल.

आता मैलापूरच्या ओळीकडे पाहावे. चेन्नईत महानगरपालिकेने घरांचे क्रमांक बदलल्यामुळे पत्त्यात नवा व जुना असे दोन्ही क्रमांक लिहिण्याचा प्रघात आहे. त्यामुळे एका पत्त्यातच चार स्वल्पविराम आले आहेत. दिसेल त्या स्वल्पविरामावर ओळ तोडली, तर चार रकान्यांच्या जागी आठ तुकडे पडतील, आणि दिनांकाच्या जागी घराचा जुना क्रमांक येऊन बसेल. असे होऊ नये म्हणून संपूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत घातलेला असतो. अवतरणचिन्हांतील स्वल्पविराम हा मजकुराचा भाग, बाहेरचा स्वल्पविराम ही रकान्याची सीमा. मजकुरातच अवतरणचिन्ह आले तर ते दोनदा लिहावयाचे. शेऱ्याच्या रकान्यात तसेच केले आहे. हे संकेत लोकव्यवहारात कित्येक वर्षे रूढ होते. ते एकत्र लिहून काढणारा आर.एफ.सी. ४१८० हा लेख मात्र ऑक्टोबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतरही निरनिराळ्या आज्ञावलींच्या रीती थोड्याफार निराळ्याच राहिल्या.

या ठिकाणी एक गंमतीची अडचण संभवते. सुशिक्षित मनुष्य स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडतो. शाळेत तसेच शिकविलेले असते. उदाहरण लिहिणाऱ्यानेही रकान्यांमधील स्वल्पविरामानंतर अशी जागा सोडली की ओळ छापील पानावर सुबक दिसते. परंतु पायथनच्या संग्रहात, वेगळे सांगितले नसेल तर, अवतरणचिन्ह रकान्याच्या अगदी पहिल्या स्थानी असेल तरच त्याला मान मिळतो. मध्ये एक मोकळी जागा आली की ते साधे अक्षर ठरते, आणि पत्ता पुन्हा मधूनच तुटतो. आरंभीची जागा वगळण्याची सोय संग्रहात आहे, पण ती मागून घ्यावी लागते. सुबकपणासाठी सोडलेली एक जागा उदाहरणाला चुकीचे करून टाकते, ही गोष्ट ते उदाहरण प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

शून्याचे महत्त्व

ओळीतील पहिला रकाना ००१७ असा आहे. (येथे अंक देवनागरीत छापले आहेत, प्रत्यक्ष फाइलीत ते बहुधा आंतरराष्ट्रीय अंकांत असतात.) पायथनचा मूळ संग्रह सर्व रकाने मजकूर म्हणूनच परत देतो, म्हणून तेथे शून्ये शाबूत राहतात. पांडाज नावाचा दुसरा, अधिक सामर्थ्यवान संग्रह मात्र रकान्यात काय आहे याचा स्वतः अंदाज बांधतो. सगळ्या रकानाभर अंकच दिसले की त्यांची तो संख्या करतो, आणि ००१७ चे १७ होते. चेन्नईचा दूरध्वनी-संकेत ०४४ हा वेगळ्या रकान्यात लिहिला तर त्याचे ४४ होते. रकाना मजकूर म्हणून ठेवावा असे सांगण्याची सोय आहेच. पण ती उदाहरणात दिसली पाहिजे.

हा दोष दाखविण्यासाठी उदाहरण लिहिणारा भारतीय मनुष्य सहज पिनकोडकडे वळेल. पण तेथे दोष दिसणार नाही, आणि त्याचे कारण पिनकोडाच्या रचनेत आहे. ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्यामागील कल्पक अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ. संस्कृत कवी व नाटककार म्हणूनही ते प्रसिद्ध होते. भाषा अनेक, लिप्या अनेक आणि एकाच नावाची गावे अनेक, अशा देशात टपाल बिनचूक पोचावे हा त्या योजनेचा हेतू. सहा अंकांतील पहिला अंक विभाग दाखवितो, दुसरा उपविभाग, पहिले तीन मिळून टपाल-वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कचेरी. मैलापूरच्या ६००००४ मधील ६ हा दक्षिण विभाग, ६०० म्हणजे चेन्नई आणि ००४ म्हणजे मैलापूर. म्हणजे पिनकोड हाही पदच्छेदासाठीच रचलेला एक लहानसा मजकूर होय. विभागाचा अंक १ पासून ९ पर्यंत असतो. तो शून्य कधीच नसतो. त्यामुळे पिनकोडाची संख्या केली तरी सहाचे सहा अंक कायम राहतात. आपल्या पिनकोडावर उदाहरण बेतणाऱ्याला सारे सुरळीत दिसेल. अमेरिकेतील बॉस्टन शहराचे टपाल-संकेत शून्याने सुरू होतात, तेथील वाचकाचा पहिला अंक मात्र त्याच उदाहरणाने गळून पडेल. उदाहरणासाठी घेतलेला मजकूर खरा असला तरी पुरेसा नसतो. ज्या ठिकाणी नियमाची कसोटी लागते, नेमका तेथला मजकूर निवडावा लागतो.

संगणकाच्या अशा परस्पर अंदाजांनी किती नुकसान होते, याची साक्ष जीवशास्त्राने दिली आहे. मानवी जनुकांना संक्षिप्त नावे असतात. त्यांपैकी सेप्ट२, मार्च१ यांसारखी नावे एक्सेलच्या तक्त्यात भरली की तो त्यांना सप्टेंबर व मार्च महिन्यांतील दिनांक समजून बदलून टाकीत असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या याद्यांचे एक्सेल तक्ते जोडलेले होते, त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत अशा चुका शिरल्या होत्या. हे निबंध तज्ज्ञांनी लिहिले होते आणि तज्ज्ञांनीच तपासले होते. शेवटी २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण-समितीने नावेच बदलली. सेप्ट२ चे सेप्टिन२ झाले आणि मार्च१ चे मार्चएफ१. हे रूपांतर थांबविण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली. यंत्राची खोड जाण्यापूर्वी शास्त्राला आपली परिभाषा बदलावी लागली, हा प्रकार काहीसा उलटाच म्हटला पाहिजे.

दिनांक

तिसऱ्या रकान्यातील ०३/०४/२०२५ हा दिनांक चेन्नईत, पुण्यात किंवा लंडनमध्ये ३ एप्रिल होय. न्यूयॉर्कमध्ये तोच ४ मार्च होतो. पुस्तिकेत उदाहरणादाखल २५/१२/२०२५ असा दिनांक दिला, तर हा प्रश्न उपस्थितच होत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. दिनांकाचे उदाहरण देणाऱ्याने १२ पर्यंतचाच दिवस निवडावा, आणि आधी दिवस की आधी महिना हे आज्ञेत स्पष्ट सांगावे, असा नियम यावरून निघतो. पांडाजच्या जुन्या आवृत्त्यांत तर एकाच रकान्यातील ०३/०४ हा महिना-आधी आणि २५/१२ हा दिवस-आधी असा वाचला जात असे. एप्रिल २०२३ मधील २.० या आवृत्तीपासून पहिल्या नोंदीवरून जी रीत ठरेल तीच पुढे पाळली जाते, आणि तिच्यात न बसणारी नोंद आली की चूक जाहीर होते. तथापि रकान्यातील सर्वच दिवस १२ च्या आत असतील, तर चुकीचा अंदाजही बिनतक्रार खपून जातो. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने दिनांक लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ पासून उपलब्ध आहे. पण नोंदवहीत जे लिहिले गेले ते गेलेच; पदच्छेद करणाऱ्याला मिळेल ती नोंद घ्यावी लागते.

लिपीचा प्रश्न याच्या शेजारचाच आहे. उदाहरणे बहुधा रोमन अक्षरांत असतात, आणि त्या लिपीत एक अक्षर म्हणजे साठवणुकीचा एक बाइट, असा हिशेब जुळतो. ‘मैलापूर’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. युनिकोड पद्धतीत त्याची सात चिन्हे होतात, कारण मात्रा, काना आणि ऊकार ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. आणि यूटीएफ-८ या प्रचलित साठवणुकीत ती सात चिन्हे २१ बाइट व्यापतात. रकाना दहा बाइटांनंतर कापणारी आज्ञावली हे नाव एखाद्या चिन्हाच्या मधोमध कापील. तमिळ लिपीचीही हीच स्थिती आहे. यास्तव सुधारलेल्या उदाहरणात निदान एक नाव रोमनेतर लिपीत असावे, आणि फाइल उघडतानाच तिची साठवणूक-पद्धती नमूद केलेली असावी.

प्रत्युदाहरण

मैलापुरात वाचनालयाप्रमाणे एक जुने संस्कृत महाविद्यालयही आहे. त्याची स्थापना १९०६ मध्ये व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी केली. अशा ठिकाणी व्याकरण शिकणाऱ्याला जी गोष्ट आरंभीच कळते, ती माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांना पुष्कळदा उशिरा कळते. पाणिनीची सूत्रे अत्यंत संक्षिप्त आहेत. त्यांचे व्याख्यान म्हणजे केवळ सूत्रातील पदे सुटी करणे नव्हे. उदाहरण, प्रत्युदाहरण आणि अध्याहृत शब्दांची पूर्ती हे सर्व मिळून व्याख्यान होते, असे पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच्या प्रकरणात सांगितले आहे. महाभाष्याचे वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी केलेले मराठी भाषांतर असल्यामुळे हा विचार मराठी वाचकालाही दुर्लभ नाही.

प्रत्युदाहरण म्हणजे नियमातील एखादी अट नसती तर काय बिघडले असते, हे दाखविणारे उदाहरण. ‘इति’ आणि ‘आदि’ मिळून ‘इत्यादि’ होते, हे उदाहरण झाले. पुढे स्वर असावा ही अट कशासाठी, हे कळण्यास ‘इति’ पुढे व्यंजन येते असा ‘इतिहास’ समोर ठेवावा लागतो. तेथे इकार जसाच्या तसा राहतो. पदच्छेदाच्या पुस्तिकेतही हेच करता येते. मैलापूरच्या ओळीतील पत्त्याभोवतीची अवतरणचिन्हे काढून तीच ओळ पुन्हा द्यावी आणि तिचे आठ तुकडे छापून दाखवावेत. किंवा शेवटचे अवतरणचिन्ह गाळावे, आणि मग संग्रह कोणती चूक जाहीर करतो, की मुकाट्याने पुढची ओळही याच रकान्यात ओढून घेतो, ते दाखवावे. पायथनचा संग्रह, अधिक कडक वागण्यास सांगितले नाही तर, दुसरा मार्ग धरतो. अशा वेळी पाचशे सभासदांच्या यादीतील शेवटचे दोनशे एका शेऱ्यात गडप होऊ शकतात, आणि आज्ञावली काम पुरे झाले असे कळवून मोकळी होते. बहुतेक पुस्तिकांत यशस्वी उदाहरणे भरपूर आणि फसलेली जवळजवळ शून्य असतात. लेखकाला आपल्या संग्रहाचे अपयश छापणे आवडत नाही, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. पण वाचकाची गाठ पडते ती अपयशाशीच.

उदाहरण सोपे असावे की खऱ्यासारखे असावे, हा वाद मात्र सहज मिटणारा नाही. मैलापूरच्या एकाच ओळीत स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह, आरंभीची शून्ये आणि संदिग्ध दिनांक ही चारही संकटे कोंबलेली आहेत. चाचणीसाठी अशी ओळ उत्तम. नवशिक्यापुढे प्रथमच ठेवली तर तो गोंधळून जाईल. म्हणून एका उदाहरणात एकच अडचण घ्यावी, नोंदवही मात्र सर्व उदाहरणांत तीच ठेवावी, हा मध्यममार्ग बरा दिसतो. पहिल्या उदाहरणात केवळ पत्ता, दुसऱ्यात सभासद-क्रमांक, तिसऱ्यात दिनांक, असा क्रम ठेवला म्हणजे प्रत्येक वेळी नवे जग समजावून घेण्याचे श्रम वाचतात. प्रत्येक उदाहरण स्वयंपूर्ण असावे, म्हणजे ते जसेच्या तसे उचलून चालविता यावे. आणि त्याखाली त्याचे फलित छापलेले असावे.

फलित छापण्याने एक अनपेक्षित लाभ होतो. संग्रहाची नवी आवृत्ती निघते, एखाद्या आज्ञेचे वर्तन बदलते, आणि पुस्तिकेतील जुने उदाहरण तेथेच खोटे होऊन राहते. टिम पीटर्स या आज्ञालेखकाने याच्यावर उपाय योजिला. त्याची डॉकटेस्ट ही आज्ञावली २००१ मधील पायथन २.१ बरोबर सर्वांना उपलब्ध झाली. ती पुस्तिकेतील उदाहरणे शोधून काढते, एकेक प्रत्यक्ष चालविते, आणि मिळालेले फलित छापलेल्या फलिताशी अक्षरशः ताडून पाहते. फरक आढळला तर अपेक्षित काय होते आणि मिळाले काय, हे ओळीच्या क्रमांकासह दाखविते. रस्ट व इलिक्सिर या पुढील काळातील भाषांतही हीच सोय आहे. ००१७ च्या जागी १७ आले, किंवा ३ एप्रिलचा ४ मार्च झाला, तर नवी आवृत्ती वाचकाच्या हाती पडण्यापूर्वीच ते तिच्या लेखकाला कळते. मात्र त्यासाठी ००१७ आणि ०३/०४ हे पुस्तिकेतील उदाहरणांत आधी असावे लागतात. १,२,३ हे मात्र कोणत्याही आवृत्तीत बरोबरच येत राहतात.